नाव कॉलेजचं, कर्ज घरचं

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला, की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात एक नवाच मोसम सुरू होतो. मंडईत, देवळात, बँकेच्या रांगेत, जिथे जावं तिथे एकच प्रश्न कानावर येतो, ‘काय मग, कुठे घेताय अ‍ॅडमिशन?’ विचारणाऱ्याला उत्तराशी फारसं देणंघेणं नसतं. पण उत्तर देणारीच्या मनात धाकधूक असते. पुण्या-मुंबईच्या एखाद्या गाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजचं नाव सांगता आलं तर मान ताठ होते. ‘इथेच, जिल्ह्याच्या गावाला’ असं सांगावं लागलं, की आवाज आपोआप खाली येतो.

मैत्रिणींनो, मला आज बोलायचंय ते या खाली येणाऱ्या आवाजाविषयी. कारण तो खाली येऊ नये म्हणून घरोघरी जी किंमत मोजली जाते, ती मी फार जवळून बघते. बचत गटाच्या कामामुळे जून-जुलैत आमच्याकडे कर्जाचे जे अर्ज येतात, त्यात बी-बियाण्याच्या बरोबरीने आता कॉलेजच्या फीचे अर्ज असतात. कुणाची म्हैस विकली जाते, कुणाचा रस्त्याकडेचा गुंठा-दोन गुंठे तुकडा जातो, आणि बहुतेक घरांत पहिला नंबर लागतो तो बाईच्या दागिन्यांचा. यातली एक गोष्ट मला कायम खटकते. कॉलेज ठरवताना तिला कुणी विचारत नाही. ते मुलगा, त्याचे वडील, एखादा काका आणि क्लासचे सर ठरवतात. पाटल्या मोडायची वेळ आली की मात्र तिलाच विचारतात. खरं तर विचारतही नाहीत, सांगतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की कॉलेजचं नाव मोठं की खर्च मोठा, हा हिशेब घरातल्या बाईने शिकून घ्यायला हवा. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. मी स्वतः कला शाखेची पदवीधर. पण घरखर्चाची वही चालवणाऱ्या कुठल्याही बाईला जमेल असाच हा हिशेब आहे.

आधी नावाचं बघू. आपल्याकडे नावं दोन तऱ्हेची आहेत. एक कामाने झालेलं नाव आणि दुसरं जाहिरातीने झालेलं. पुण्याचं सीओईपी १८५४ सालचं. २०२२ मध्ये त्याचं तंत्रज्ञान विद्यापीठ झालं. मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं. सांगलीचं वालचंद १९४७ चं. कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं आणि अमरावतीचं १९६४ चं. नांदेडचं श्री गुरू गोविंदसिंगजी १९८१ चं. ही नावं पिढ्यान्‌पिढ्या शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी केली आहेत. आणि गंमत बघा, ही सगळी शासकीय, अनुदानित किंवा सरकारी पाठबळाची कॉलेजं असल्यामुळे त्यांची फी अनेक मधल्या दर्जाच्या खासगी कॉलेजांपेक्षा कमीच असते. म्हणजे खरं नाव आणि कमी खर्च या दोन गोष्टी एकमेकींच्या सवती नाहीत. सोन्याला सोन्याचा भाव द्यावा हे खरं, पण शिक्षणाच्या बाजारात पुष्कळदा पितळच सोन्यापेक्षा महाग विकलं जातं.

हे असं का झालं? १९८३ पर्यंत महाराष्ट्रात इंजिनिअरिंग कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांची मुलं कर्नाटकात जाऊन कॅपिटेशन फी भरून शिकायची. त्या वर्षी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या काळात विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि जिल्ह्या-जिल्ह्यांत कॉलेजं निघाली. त्याचा फायदा झाला हे नाकारून चालणार नाही. खेड्यातली, छोट्या गावातली मुलं-मुली इंजिनिअर झाली ती त्यामुळेच. पण विनाअनुदानित म्हणजे खर्च पालकांच्या खिशातून. आणि खर्च खिशातून काढायचा म्हटलं की दुकान सजवणं आलं. चकचकीत इमारत, रंगीत माहितीपत्रक आणि चौकातल्या फलकावर ‘सर्वाधिक पॅकेज अमुक लाख’.

या सर्वाधिक पॅकेजपाशी थोडं थांबूया. समजा, एका वर्गातल्या साठ मुलांपैकी एकाला वीस लाखांची नोकरी लागली, चाळीस जणांना साडेतीन लाखांची लागली आणि बाकीच्यांना काहीच मिळालं नाही. फलकावर येतो तो वीस लाखांचा आकडा. आपला मुलगा ‘तो एक’ असेल असं प्रत्येक आईला वाटतं, आणि आईला तसं वाटावं हे बरोबरच आहे. पण पैसे गुंतवताना विचार करायचा तो त्या चाळीस जणांचा. नव्या इंजिनिअरला मोठ्या आयटी कंपन्यांमध्ये मिळणारा सुरुवातीचा सर्वसाधारण पगार कितीतरी वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळतो आहे. कापून-सवरून महिन्याला पंचवीस हजारांच्या जवळपास हातात येतात. हा आकडा वहीच्या पहिल्या ओळीवर लिहून ठेवा.

आता दुसरी ओळ. समजा, नामांकित म्हणवणाऱ्या कॉलेजची फी, वसतिगृह, जेवण सगळं धरून वर्षाला अडीच लाख लागतात आणि ते सगळे बँकेच्या शैक्षणिक कर्जातून उभे केले. चार वर्षांत दहा लाख. व्याज १० टक्के धरू. शिकत असताना हप्ता नसतो, म्हणून आपल्याला वाटतं की काही लागत नाही. पण व्याज चढतच असतं. पहिल्या वर्षीच्या अडीच लाखांवर चार वर्षांचं, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर तीन वर्षांचं, असं साधं व्याज मोजलं तरी पदवी हातात येईपर्यंत अडीच लाख होतात. त्यानंतर बहुधा एक वर्षाची सवलत मिळते, त्या वर्षाचं आणखी एक लाख. म्हणजे फेड सुरू होते ती दहा लाखांची नाही, साडेतेरा लाखांची. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याचा हप्ता जवळपास १७,८०० रुपये. आणि पगार किती? पंचवीस हजार. पुण्या-मुंबईत किंवा बंगळुरूला उरलेल्या सात हजारांत राहायचं, खायचं आणि घरी पाठवायचं. हे गणित जमत नाही हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

मग होतं काय, मुलाचा हप्ता बाप भरतो. पन्नाशीच्या पुढचा बाप, ज्याने आता जरा दम घ्यायचा, तो मुलगा नोकरीला लागल्यावरही हप्ते भरत बसतो. आणि मुलगा मनातल्या मनात खचतो. आमच्या गटातल्या एका बाईचा मुलगा दिवाळीला घरी यायचं टाळायला लागला. ‘ताई, येतो म्हणतो आणि ऐन वेळी सुट्टी नाही म्हणतो. बापासमोर बसायला लाजतो हो,’ असं ती मला म्हणाली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या नावासाठी एवढं केलं, त्या नावानेच घरातलं बोलणं बंद केलं.

यावर मला हमखास एक उत्तर मिळतं, ‘अहो, पण चांगल्या कॉलेजात चांगल्या कंपन्या येतात, चांगली संगत मिळते, त्याचं काय?’ या म्हणण्यात तथ्य आहे. मी ते उडवून लावणार नाही. सगळी कॉलेजं सारखीच, मुलगा हुशार असला की कुठेही चमकतो, असं म्हणणं सोपं आहे, पण पूर्ण खरं नाही. जिथे प्रयोगशाळेला कुलूप असतं, वर्षाच्या मध्यातच शिक्षक सोडून जातात आणि कंपन्या फिरकत नाहीत, तिथे फुकट प्रवेश मिळाला तरी तो महागच. कारण पैसे पुन्हा कमावता येतात, मुलांची चार वर्षं परत येत नाहीत. तेव्हा ‘सगळ्यात स्वस्त ते घ्या’ असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की नावासाठी जादा पैसे मोजायचे असतील तर त्या नावामागे काय आहे ते आधी उघडून बघा. साडी घेताना आपण घडी मोडून पदर बघतो, काठ बघतो, उजेडात नेऊन रंग बघतो. दहा लाखांची गोष्ट मात्र माहितीपत्रकावर घ्यायची?

मग उघडून बघायचं ते काय? पहिली गोष्ट म्हणजे मधला पगार. सगळ्यात मोठा नाही, सरासरीही नाही. नोकरी लागलेल्या मुलांना पगाराच्या क्रमाने ओळीत उभं केलं तर बरोबर मध्ये जो उभा राहील त्याचा पगार. केंद्र सरकारची एनआयआरएफ ही क्रमवारी २०१६ पासून जाहीर होते. त्यात भाग घेणारी कॉलेजं जी माहिती सरकारला देतात त्यात हा मधला पगार, किती मुलांना नोकरी लागली आणि किती पुढे शिकायला गेली, हे आकडे असतात. ते कॉलेजच्या वेबसाइटवरही असतात. भाच्याला किंवा शेजारच्या मुलीला सांगा, मोबाइलवर दहा मिनिटांत काढून देतील. फलकावरचा आकडा आणि हा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघा.

दुसरी गोष्ट, शिक्के. ‘आमच्या कॉलेजला मानांकन आहे’ असं सगळेच सांगतात. नॅकचं मानांकन असतं ते सगळ्या संस्थेचं. एनबीएचं असतं ते एकेका शाखेचं. कॉलेजच्या मेकॅनिकलला एनबीए असेल आणि तुमचा मुलगा जाणार असेल नव्या निघालेल्या संगणकाच्या शाखेत, तर त्या शिक्क्याचा त्याला उपयोग नाही. आणि नुसत्या शिक्क्यावर डोळे झाकून विश्वासही नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या पाहणी समितीतल्या काही सदस्यांना लाचखोरीच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली होती, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलंच आहे.

तिसरी गोष्ट, शिक्षक. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांसाठी एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची वरची मर्यादा उठवली. त्यामुळे गाजलेल्या कॉलेजांमध्ये कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. तुकड्या वाढल्या तसे शिक्षक वाढले का, प्रयोगशाळेत एका मशिनवर किती मुलं बसतात, हे विचारायला हवं. ऑफिसात विचारू नका. दुपारी कॉलेजच्या बाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं उभी असतात, त्यांना विचारा. आपल्यासारखी काकू-मावशी दिसली की मुलं खरं बोलतात. ‘काकू, सर चांगले आहेत, पण लॅब नावालाच,’ असं त्यांच्या तोंडून जे निघेल ते कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

चौथी गोष्ट, फी नेमकी किती. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती जाहीर असते. तेवढीच घ्यायची असते. त्याहून वर ‘देणगी’ म्हणून मागितलेला पैसा बेकायदा आहे. कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा आपल्या राज्यात १९८७ पासून आहे. तरीही ‘वीस टक्के जागा आमच्या हातात आहेत, आज संध्याकाळपर्यंत पैसे आणा, नाही तर सीट जाईल’ असं सांगणारे मध्यस्थ या मोसमात गावोगाव फिरतात. संस्था पातळीवरच्या त्या जागाही गुणवत्तेच्या यादीनेच भरायच्या असतात. जो माणूस पावती द्यायला तयार नाही, त्याला दमडीही देऊ नका. आणि आज संध्याकाळपर्यंत ठरवा म्हणणाऱ्याला तर उद्या सकाळी उत्तर द्यावं, हा आपल्या आज्यांचा नियम इथेही उपयोगी पडतो.

फीशिवायचा खर्च तर आपल्याला हमखास कमी वाटतो. मोठ्या शहरात खोली आणि मेस मिळून महिन्याला दहा-बारा हजार सहज जातात. वर्षातले दहा महिने धरले तरी चार वर्षांत ते चार ते पावणेपाच लाख होतात. त्यात लॅपटॉप आला, परीक्षा फी आली, येणं-जाणं आलं, आजारपण आलं. कित्येकदा फीच्या फरकापेक्षा या खर्चाचाच फरक मोठा असतो. घरून एसटीने किंवा कॉलेजच्या बसने जाऊन-येऊन शिकता येईल असं बरं कॉलेज जवळ असेल, तर त्याला नुसतं ‘लोकल’ म्हणून नाक मुरडू नका.

इथपर्यंत मी मुलगा-मुलगी असा भेद न करता लिहिलं. पण घरात तसा भेद होतो, आणि त्यावर बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. माझ्या माहितीतलं एक घर आहे. थोरल्या मुलासाठी त्यांनी बाहेरच्या एका खासगी विद्यापीठात वर्षाला तीन लाखांच्या वर भरले. दोन वर्षांनी धाकट्या मुलीचा निकाल लागला. तिला भावापेक्षा चांगले पर्सेंटाइल. पण तोवर घरातला पैसा आटला होता. ‘तिला काय, जवळ बीएस्सीला घालू. उद्या लग्न करून द्यायचीच आहे,’ असं ठरलं. तिची आई मात्र हटून बसली. ‘त्याच्या वेळी माझा गोठ गेला, तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. आता बोलणार,’ असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. मुलीने केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून अर्ज भरला आणि तिला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली. फीची सवलत मिळून तिचा वर्षाचा सगळा खर्च भावाच्या एका सहामाहीपेक्षा कमी आहे.

ही सवलत कोणती ते सगळ्या आयांनी नीट समजून घ्यायला हवं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळाली. पण तिच्या अटी आहेत. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर प्रवेश घेतला तर सवलत नाही. खासगी अभिमत विद्यापीठ किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ असेल तरी नाही. आणि वसतिगृह, जेवण यांचा खर्च यात येत नाही.

म्हणजे मुलीसाठी कॉलेज निवडताना खर्चाचं गणितच बदलतं. एकाच दर्जाच्या दोन ठिकाणी, एकीकडे शिक्षण शुल्क शून्य आणि दुसरीकडे चार वर्षांत बारा-चौदा लाख, असा फरक पडू शकतो. निव्वळ माहिती नसल्यामुळे, कुणी तरी ‘विद्यापीठ आहे, मोठं नाव आहे’ म्हणालं म्हणून, मुलीचा हा हक्क सोडून देणारी घरं मी बघितली आहेत. शिवाय केंद्रीय प्रक्रियेत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. एरवी मुलाला जे कॉलेज मिळालं नसतं ते त्याच गुणांवर मुलीला मिळू शकतं. घरात ‘मुलीला जवळच घालू’ म्हणण्याआधी तिला दूरचं चांगलं आणि स्वस्त काय मिळतंय ते तरी बघा. आणि ज्या घरात सवलतीमुळे मुलीची फी वाचते, तिथे ते पैसे भावाच्या नावाच्या कॉलेजकडे वळवू नका. वाचले ते तिचे आहेत. तिच्या वसतिगृहाला आणि पुढच्या शिक्षणाला लागतील.

मुलांसाठीही वाटा आहेत. खुल्या गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलाला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा शिक्षण शुल्क माफीच्या असतात. त्या गुणवत्तेवर मिळतात, मात्र त्यावर प्रवेश घेतला की पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. या सगळ्यासाठी कागद लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास. निकाल लागल्यावर सेतू केंद्रापुढे जी झुंबड उडते तिच्यात एका दाखल्यापायी हजारो रुपयांची सवलत हुकते. बारावीचं वर्ष सुरू झालं की मुलगा अभ्यासाला बसतो, तेव्हा आपण दाखल्यांना लागायचं. एका कॉलेजने आमच्या ओळखीतल्या मुलीला ‘आधी पूर्ण फी भरा, सवलतीचे पैसे सरकारकडून आले की परत देऊ’ असं सांगितलं होतं. अशी सक्ती करू नये असं शासनाने कॉलेजांना बजावलेलं आहे. मुलीची आई शासन निर्णयाची प्रत घेऊन प्राचार्यांसमोर बसली आणि काम झालं. कागद हातात असला की बाईचा आवाज आपोआप ठाम होतो.

पर्यायांच्या यादीचंही तेच. ऑप्शन फॉर्म नेट कॅफेवाल्यावर सोडू नका. २०२५ च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागत होतं, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. म्हणजे जे परवडणारच नाही असं कॉलेज नुसतं हौसेखातर वर टाकलं, तर तेच गळ्यात पडायचं. नियम वर्षागणिक बदलतात. त्या-त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचा आणि परवडतील तीच नावं यादीत घाला.

आणि हेही लक्षात घ्या, की इंजिनिअर व्हायचा रस्ता बारावीतूनच जातो असं नाही. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. त्या वाटेने गेलेली मुलं पहिल्या दिवसापासून हातात पाना घेऊन शिकलेली असतात. शिवाय नाव पहिल्याच पायरीवर कमवावं लागतं असंही नाही. सुधा मूर्ती शिकल्या त्या हुबळीच्या बीव्हीबी कॉलेजात, आपल्या घरच्या गावात. पुढे त्या बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या आणि नंतर पुण्याच्या टेल्को कारखान्यात इंजिनिअर झाल्या. आजही जिल्ह्याच्या कॉलेजातून पदवी घेऊन गेट परीक्षा चांगली दिली, तर आयआयटीत एमटेक करता येतं आणि त्याला दरमहा १२,४०० रुपयांचं विद्यावेतनही मिळतं. पदवीच्या वेळी वाचवलेले पैसे अशा वेळी हाताशी असतात. सगळी पुंजी पहिल्याच डावात लावली तर दुसरा डाव खेळायला काय उरणार?

मग ठरवायचं कसं? मला सुचतं ते असं. कॉलेजांची यादी हातात घ्यायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी एका संध्याकाळी वही घेऊन बसावं. जमीन, दागिने आणि म्हातारपणाच्या ठेवीला हात न लावता चार वर्षांत आपण किती रुपये देऊ शकतो, तो आकडा लिहावा. कर्ज लागलंच तर एक साधी मर्यादा घालावी, की महिन्याचा हप्ता त्या कॉलेजच्या मधल्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यावर जाता कामा नये. या वेळी मुलाला आणि मुलीला समोर बसवावं. त्यांच्यापासून घरची परिस्थिती लपवण्यात माया नाही. अठरा वर्षांच्या मुलाला आकडा सांगितला तर तो समजतो. आपल्यालाच वाटतं तो हिरमुसेल. आणि मग त्या आकड्यात बसणाऱ्या कॉलेजांतलं ज्याचं काम चांगलं, ते निवडावं. आकडा आधी आणि नाव नंतर. हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळंच उलटं होतं.

नातेवाईक विचारतील, ‘एवढे चांगले मार्क्स आणि इथेच?’ विचारू देत. हळदीकुंकवाला आलेल्या बायका दोन मिनिटं बोलतील आणि वाण घेऊन घरी जातील. हप्ता भरायला त्यांच्यातली एकही येणार नाही. तेव्हा या वर्षी कुणी विचारलं, ‘कुठे घेतली अ‍ॅडमिशन?’, तर कॉलेज कुठलंही असो, हिशेब करून घेतलेलं असेल, तर मोठ्या आवाजात सांगा.